नखभर आधार

"काय चोरलंस म्हणालास?"

"चोरलं नाही मॅडम. नेलं."

"बरं. काय नेलंस?"

"हँडल."

हवालदार पोवार मॅडमनी पेन कागदावर आडवं ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "कशाचं हँडल?"

"जॅकचं. गाडी उचलायच्या जॅकचं."

"सोन्याचं आहे काय?"

दाराजवळचा शिपाई खुदकन हसला. मला हसू आलं नाही. ते हँडल वर्तमानपत्रात गुंडाळून मीच चौकीत आणलं होतं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवलं होतं. दोन फुटांची लोखंडी नळी, एका टोकाला रबर. एकोणीस वर्षं ज्या माणसाच्या गाड्या मी पोटच्या पोरासारख्या जपल्या, त्या माणसानं एवढ्या नळीसाठी सकाळी साडेआठला माझ्या दारात पोलीस पाठवला होता. आख्खी गल्ली बघत उभी होती. शेजारच्या म्हातारीनं तर इंदूला, माझ्या बायकोला, हळूच विचारलंसुद्धा, "दिनकरनं काय केलं गं?"

"कशासाठी नेलंस?" मॅडमनी विचारलं.

"श्रीपती मरू नये म्हणून."

शिपायाचं हसू थांबलं. मॅडमनी समोरची खुर्ची पायानं पुढं ढकलली. "बस. आणि पहिल्यापासून सांग."

मी सांगितलं ते असं.

मगदूम साहेब कोल्हापुरातले नावाजलेले बिल्डर. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. बंगल्याच्या मागं त्यांनी चांगलं ऐसपैस गॅरेज बांधलं होतं. आत एक फियाट, एक अँबेसिडर आणि एक विलीज जीप. मी त्यांच्याकडं ड्रायव्हर म्हणून लागलो आणि हात काळे करता करता मेकॅनिक झालो. गॅरेजची किल्ली माझ्याकडं. साहेब बाहेरगावी गेले की बंगल्याचीही.

त्या वर्षीच्या दिवाळीत साहेबांनी घरच्या गॅरेजला लिफ्ट बसवली. चार खांब आणि त्यांच्यामध्ये दोन लांब लोखंडी पट्टे. गाडी पट्ट्यांवर चढवायची, बटण दाबायचं, की आख्खी गाडी डोक्याच्या वर जाते. खाली उभारून आरामात काम करा. माझ्या पाठीला तर देवच पावला. पण त्यात एक अडचण होती. गाडीची चाकं त्या पट्ट्यांवरच टेकलेली राहतात. ब्रेकचं काम करायचं तर चाकं अधांतरी पाहिजेत. त्यासाठी वेगळा जॅक मिळतो, ब्रिज जॅक. दोन पट्ट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर तो पुलासारखा आडवा बसतो. प्रत्येक पट्ट्याच्या आतल्या बाजूला चार सेंटीमीटरची कड असते. जॅकचे दोन्ही हात लांब करून त्या दोन कडांवर टेकवायचे आणि हँडल मारून गाडी उचलायची. गाडीचा सगळा भार मग त्या दोन कडांवर. खाली माणूस.

म्हणून जॅक लिफ्टच्या मापाचाच लागतो. टोपीसारखं नाही, की जरा घट्ट झाली, जरा सैल झाली तरी चालतंय.

साहेबांनी मला माप काढायला सांगितलं. मी पट्ट्यांच्या मधलं अंतर दोन्ही टोकांना मोजलं. पुढं शहाण्णव सेंटीमीटर भरलं, मागं साडेसत्त्याण्णव. पाणी वाहून जावं म्हणून गॅरेजच्या फरशीला उतार दिलेला, त्यामुळं मागचे खांब जरासे फाकले होते. मी दोन्ही मापं कार्डावर लिहून दिली. साहेबांनी माझ्यासमोरच पुण्याच्या डीलरला फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"लिफ्टच्याच कंपनीचा जॅक हवा असेल तर दोन महिने लागतील," पलीकडचा माणूस म्हणाला. "पण आमच्याकडं युनिव्हर्सल आहे. परवा पाठवतो."

साहेबांना घाई होती. बारा दिवसांवर जुन्या गाड्यांची रॅली होती, आणि फियाटच्या मागच्या चाकातून ब्रेकचं ऑइल गळत होतं. शिवाय येत्या रविवारी त्यांनी चार मित्रांना जेवायला बोलावलं होतं, लिफ्ट चालताना दाखवायला.

मी वाकून फोनजवळ तोंड नेलं. "त्या जॅकचे हात जास्तीत जास्त किती उघडतात?"

"साडेअठ्ठ्याण्णवपर्यंत."

"मग नाही बसायचा. दोन्ही बाजूला निदान तीन-तीन सेंटीमीटर टेकायला पाहिजेत."

"कोण बोलतंय?"

"आमचा ड्रायव्हर," साहेब म्हणाले.

"साहेब, सबंध महाराष्ट्रात विकलेत आम्ही हे. तुमच्या ड्रायव्हरला सांगा, तुम्ही गाडी चालवा."

साहेब मोकळेपणानं हसले. "आमचा दिनकर जरा शंकेखोर आहे हो." आणि त्यांनी जॅक मागवला.

जॅक आला. दिसायला छान, लालभडक. आम्ही तो पट्ट्यांवर चढवला. मी टॉर्च घेऊन खाली शिरलो. पुढच्या बाजूला हात कडेवर बोटभर टेकत होते. आम्हाला तो पाहिजे होता मागं. मागं सरकवला तर नखभर. नखभर म्हणजे खरोखरच नखाएवढं. मी अंगठा लावून बघितलं.

"बसला की," साहेब म्हणाले.

"बसला नाही साहेब, अडकलाय. इकडं या, दाखवतो."

"तिथूनच सांग."

"भार आला, पट्टा एवढासा जरी फाकला, तर एक हात सुटतोय. गाडी तिरकी होऊन खाली येणार."

"फियाट केवढीशी आहे रे!"

"डोक्यात पडली तर केवढीशी वाटायची नाही."

मी दुसरा मार्ग सांगितला. जुन्या पद्धतीनं गाडी जमिनीवर घेतो, खाली आधाराला लोखंडी घोडे लावतो, आडवा पडून दोन दिवसांत ब्रेक करून देतो. रॅलीला गाडी तयार. हा जॅक परत पाठवा, मापाचा मागवा. माझ्या पाठीचं मी बघून घेतो.

साहेबांचा चेहरा बदलला. "एवढी लिफ्ट घेतली ती काय शोभेला? रविवारी लोक येणार, आणि माझा मेकॅनिक फरशीवर लोळणार?"

"मग मी त्याच्याखाली जाणार नाही साहेब."

एकोणीस वर्षांत 'नाही' हा शब्द मी त्यांना पहिल्यांदा ऐकवला. ते दारापर्यंत जाऊन परत आले. मग म्हणाले, "इंदू बाळंतपणात अडली होती तेव्हा मध्यरात्री तिला दवाखान्यात कुणी नेलं? माझ्या गाडीतनं, मी स्वतः चालवत. तेव्हा विचारलं होतं मी, सीट खराब होईल का म्हणून?"

खरं होतं ते. मी कधी विसरलो नव्हतो. पण त्या उपकाराचा आणि या नखभर लोखंडाचा काय संबंध, ते मला त्या दिवशीही कळलं नाही आणि आजही कळत नाही. बायकोचा जीव वाचवला म्हणून माझा जीव यांच्या नावावर झाला काय? पण तेव्हा मी हे विचारलं नाही, नुसता टॉर्च विझवला.

"तुला नाही जायचं ना? जाणारे छप्पन आहेत," म्हणून ते घरात गेले.

छप्पन नव्हते. एकच होता. श्रीपती भोगले, माझ्याच वयाचा, जुना मित्र. तो ज्या वर्कशॉपला होता ते बंद पडून आठ महिने झाले होते. शुक्रवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर तोच मला हाक मारून म्हणाला, "दिनकर, उद्यापासून तुझ्या साहेबाकडं बोलावलंय. तू सोडलंस म्हणे?"

"सोडलं नाही. त्या जॅकखाली जाणार नाही म्हणालो." मी त्याला सगळं सांगितलं. टपरीच्या फळीवर चहाच्या ओल्या बोटानं रेघा ओढून मापंसुद्धा दाखवली.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला परवडतंय बाबा नाही म्हणायला. मी आठ महिने घरात बसलोय. पोरं माझ्याकडं बघायची बंद झालीत."

"आणि पडला तर?"

"आतापर्यंत कितीक जॅकखाली गेलोय. सगळे पडले काय?"

"ह्यो पडणार, श्रीपती."

"मग पडंल," तो म्हणाला आणि चहा संपवून निघून गेला.

त्याचा मला राग नाही आला. राग आला तो मगदूम साहेबांचा. आठ महिने घरात बसलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, हे हेरून त्यांनी त्यालाच बोलावलं होतं. मी तसाच उठून बंगल्यावर गेलो. दिवस अजून मावळला नव्हता. गॅरेजची किल्ली माझ्याकडं होतीच. आत जाऊन मी जॅकचं हँडल काढलं. त्याशिवाय जॅक म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा. चोरासारखं पिशवीत घातलं नाही, खांद्यावर टाकलं. फाटकावर वॉचमननं विचारलं, तेव्हा त्याला मोठ्यानं सांगितलं, "साहेबांना सांग, दिनकरनं हँडल नेलंय. मापाचा जॅक आला की परत आणून देतो."

हे सगळं मी पोवार मॅडमना सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी साहेबांना फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण मॅडम दोनदा "हो साहेब" म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "नाही, येऊनच बघते."

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तुला चांगली समज द्या म्हणाले. आणि हँडल तेवढं पाठवून द्या म्हणाले." त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी उचलली. "चल."

जीपमधून आम्ही बंगल्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. गॅरेजचं शटर उघडं होतं. फियाट आधीच लिफ्टवर चढवून वर नेलेली. तिच्या मागच्या ॲक्सलखाली तो लाल जॅक. श्रीपती पाना हातात घेऊन कोपऱ्यात उभा. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. साहेब पांढरा शर्ट आणि नवे बूट घालून मध्येच उभे होते.

"या मॅडम. उगाच त्रास झाला तुम्हाला," साहेब म्हणाले. "घरचाच माणूस आहे. डोक्यात राख घालून घेतलीय झालं."

मॅडमनी बाकावरचा टॉर्च घेतला आणि लिफ्टच्या बाहेरूनच वाकून दोन्ही बाजू बघितल्या. बराच वेळ बघितल्या. "मला मोटारीतलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण हे एवढंच टेकतंय होय?"

"पुरतं तेवढं. कंपनीच्या माणसानं सांगितलंय."

"लिहून दिलंय?"

"लिहून कशाला? मोठी माणसं आहेत ती."

"म्हणजे धोका काही नाही."

"शंभर टक्के नाही. हा ड्रायव्हर आहे मॅडम, इंजिनिअर नव्हे."

मॅडमनी हँडल माझ्या हातात दिलं. "हे लाव त्याला."

मला वाटलं, संपलं. पोलिसांनी पण यांचंच ऐकलं. तरी मी बाहेर उभारून हँडल जॅकच्या पंपात बसवलं. पंप बाजूला असल्यामुळं ते बाहेरून मारता येत होतं. श्रीपती पुढं सरकला.

"तू नको," मॅडम त्याला म्हणाल्या. मग साहेबांकडं वळल्या. "साहेब, तुम्ही उभारा की जरा खाली. हा चार हात मारेल, गाडी वीतभर उचलेल. दोन मिनिटांचं काम. काही झालं नाही, तर याच्यावर चोरीचा गुन्हा मी इथंच दाखल करते."

साहेब हसले. "मी कशाला?"

"धोका नाही म्हणालात ना."

"अहो पण..."

"काही करायचं नाही. नुसतं उभारायचं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग श्रीपतीकडं. ते निघाले. एक पाऊल, दोन पावलं. लिफ्टच्या पहिल्या खांबापाशी आले, त्याला हात लावला आणि वर बघितलं. फियाटचं पोट त्यांच्यापासून एका पावलावर होतं. आतल्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. साहेबांनी खांबावरचा हात काढला नाही, आणि पुढचं पाऊलही टाकलं नाही.

"हे काय माझं काम आहे काय?" शेवटी ते म्हणाले. आवाज चढवायचा होता त्यांना, पण तो बसल्यासारखाच निघाला.

मी त्यांच्या बुटांकडं बघत होतो. इतके दिवस मला वाटत होतं, यांना समजत नाही. म्हणून मी कार्डावर मापं लिहीत होतो, टॉर्च मारून दाखवत होतो, अंगठा लावून दाखवत होतो. कुठल्या शब्दात सांगू म्हणजे यांच्या डोक्यात शिरेल, याचा विचार करत रात्र रात्र जागत होतो. आणि ते त्या खांबापाशी थांबले होते. त्यांना समजलं होतं. मी पहिल्यांदा टॉर्च मारला तेव्हाच समजलं होतं. "तिथूनच सांग" म्हणाले होते ते.

श्रीपतीनं हातातला पाना टेबलावर ठेवला. फडक्याला हात पुसले, एकेक बोट सावकाश पुसलं. "येतो साहेब," म्हणाला आणि शटरखालून बाहेर पडला.

तक्रार तिथंच मिटली. मिटवायला कागद लागतो म्हणून मॅडमनी साहेबांकडून लिहून घेतलं. साहेबांनी लिहिलं, "सदर तक्रार गैरसमजातून दिली गेली." ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गैरसमज कसला मॅडम?" मी म्हणालो. "कुणाचा गैरसमज?"

"दिनकर," मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुझ्या नावावर चोरी नको ना? मग सही कर."

मी सही केली. किल्ल्यांचा जुडगा बाकावर ठेवला आणि चालत घरी आलो.

आठवड्यानं, दुपारी, मगदूम साहेब स्वतः अँबेसिडर घेऊन आमच्या गल्लीत आले. आमची गल्ली अरुंद आणि पुढं बंद. गाडी आत येते, पण वळत नाही. इंदूनं खाटेवर चादर टाकली. साहेब बसले. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

"तो जॅक परत पाठवला," ते म्हणाले. "डीलरची माणसं न्यायला आली होती. लिफ्टवरनं काढताना रिकामाच एका बाजूनं सुटला. फरशी फुटली."

इंदू चहा टाकायला उठली.

"मापाचा मागवलाय. तू म्हणालास तसाच. दोन्हीकडं दोन-दोन बोटं टेकणार, विचारून घेतलं मी. सोमवारपासून ये."

"श्रीपतीला बोलवा."

"तो येत नाही म्हणतो."

हे मला माहीत नव्हतं. पुढं श्रीपतीनं आणि मी मिळून हायवेला छोटं गॅरेज टाकलं. चौदा वर्षं झाली, अजून चालू आहे. पण त्या दुपारी त्याचे आठ महिन्यांचे नऊ महिने होत आले होते आणि तरी तो नाही म्हणाला होता.

इंदूनं चहा आणून ठेवला. साहेबांनी कप उचलला नाही. "दिनकर," ते म्हणाले, "आईशप्पथ सांगतो, मला वाटलं होतं, बसेल."

"तसं वाटलं असतं साहेब, तर तुम्ही खांबापाशी थांबला नसता."

त्यांनी इंदूकडं बघितलं. तिनं पदर सावरला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मग साहेब उठले, चपला शोधून पायात घातल्या आणि बाहेर गेले. चहावर साय धरली होती.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आता ती उलटी, रिव्हर्समध्ये, सबंध गल्लीभर मागं न्यायला लागणार होती. अँबेसिडरचा रिव्हर्स गिअर पडायला अवघड, आणि साहेबांनी तो कधी फारसा टाकलेलाच नव्हता. असल्या जागी स्टिअरिंगवर कायम मी असायचो. गिअर कर्रकन वाजला. पुन्हा वाजला. गाडी हिसका देऊन बंद पडली. पोरं गोळा झाली, कुणीतरी "डावीकडं, डावीकडं" ओरडायला लागलं. गटाराच्या कठड्याला बंपर घासल्याचा आवाज आला.

इंदू माझ्याकडं बघत होती. "अहो, गाडी..."

माझा डावा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला होता, क्लच दाबावा तसा. बाहेर गिअर परत कर्रकन ओरडला.

मी उठलो नाही.